खडीवरचा ब्रेक

माझा मुलगा गेला त्या रविवारी दुपारी मी वसईत पापडीला एका मोकळ्या रस्त्यावर एका बाईंना रिव्हर्स शिकवत होते. बाई बँकेत नोकरीला होत्या, त्यांना रविवारखेरीज वेळ नसायचा. मान मागे वळवली की स्टिअरिंग कोणत्या बाजूला फिरवायचं, हे त्यांचं हमखास उलटं व्हायचं. गाडी पुन्हा एकदा गटाराकडे निघाली, मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला आणि तेवढ्यात फोन वाजला.

नंबर मुलाचा होता, आवाज दुसऱ्याच माणसाचा. "मॅडम, या फोनमध्ये आई म्हणून तुमचा नंबर आहे. कामण रोडला पोरांची बाइक पडलीये. दोघांनाही रिक्षात घातलंय."

"कुठे नेताय?" मी विचारलं.

त्याने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. किती लागलंय, असं मी विचारलं नाही. बाईंना म्हटलं, "तुम्ही इकडे या, मी चालवते." आम्ही जागा बदलल्या. छतावर मोटार स्कूलची पाटी आणि पुढेमागे लाल 'एल' लावलेली ती गाडी घेऊन मी निघाले. प्रत्येक सिग्नलला थांबले. पुढे रस्ता रिकामा दिसत असूनही एका डंपरच्या मागे मागे जात राहिले. बाई पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "अहो, हॉर्न तरी वाजवा." मी वाजवला. नंतर त्या सगळ्यांना सांगायच्या, मॅडम त्या दिवशी किती शांत होत्या. मी शांत वगैरे नव्हते. हातपाय सवयीने गाडी चालवत होते, त्यात मी कुठे नव्हतेच.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर बाहेर आला. माझ्या मुलाहून चार-सहा वर्षांनीच मोठा असेल. त्याने सांगितलं ते मला कळलं. डोक्याला मार होता, आणताना वाटेतच गेला. मी "बरं" म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असावं की मला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने तेच पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "बरं" म्हणाले.

पलीकडच्या कॉटवर त्याचा मित्र होता. पाय मोडलेला, हनुवटीवर टाके. हा मित्र उमेळ्याचा, दोघे शाळेपासून एका बाकावरचे. त्याच्या कॉटखाली त्याचं हेल्मेट ठेवलं होतं. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत पांढरा ओरखडा. दोघांत हेल्मेट एकच होतं. चालवणाऱ्याने घालायचं, मागच्याने नाही घातलं तरी चालतं, अशी त्यांची समजूत. त्यांचीच कशाला, आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांची आजही तीच आहे.

त्या दिवशी सकाळी दोघे चिंचोटीच्या धबधब्यावर गेले होते. परत येताना मित्र चालवत होता आणि माझा मुलगा मागे बसला होता. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बाकीचं लोकांनी भरलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी पडलेल्या बाइकचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, भरधाव वेग, तरुण पिढी. पोलिसांच्या कागदातही भरधावच होतं. माझे यजमान तो शब्द घेऊन बसले. साताऱ्याहून दीर-जावा आले, शेजारीपाजारी येऊन बसायचे, आणि कोणी काही विचारलं की हे एवढंच म्हणायचे, "वेग. दुसरं काय असणार?" त्यानंतर त्यांनी त्या मित्राचं नाव घेणं सोडलं. त्याच्या घरून फोन आला तर मोबाइल उलटा करून ठेवायचे.

मला रडू आलं नाही. जाऊबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "रड गं, मोकळी हो." मी प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. तोंड वाकडं केलं, पण पुढे काही झालं नाही. मला भूक लागायची. झोपही लागायची, गाढ, कधी नव्हे इतकी. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. बायका सांत्वनाला यायच्या तेव्हा मी त्यांच्या साड्यांच्या निऱ्या बघत बसायचे. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी ऐकू आली की बरं वाटायचं, कारण मग उठून गॅस बारीक करता यायचा.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे परतले, आणि मी कामावर गेले. मोटार स्कूलचे मालक वयस्कर गृहस्थ. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "ताई, आणखी थोडे दिवस घ्या. गाडी काय पळून जात नाही."

"दिवस घेऊन काय करू?" मी विचारलं.

त्यांनी किल्ली दिली.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन वसईला आले, मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर गाडी शिकले, आणि शिकवणाऱ्यांना वाटलं की हिला शिकवताही येईल. तेव्हापासून हेच करते. जास्त करून बायका येतात, नाहीतर नुकती अठरा पूर्ण झालेली मुलंमुली. हाफ क्लच, आरसे, चढावर गाडी मागे न सरकू देणं. मुलालाही याच गाडीत मी कार शिकवली होती. बाइक मात्र त्याला कोणी शिकवली नाही. बाइक कोणी शिकवतच नाही. ती 'येते'. सोसायटीच्या आवारात मोठ्या मुलांच्या गाडीवर दोन फेऱ्या मारल्या, गिअर कळले, की बाइक आली. मग परीक्षेत पाय न टेकता आठ काढायचा. आठ काढला की लायसन्स. त्याचा मित्रही असाच आठ काढून रस्त्यावर आलेला. लायसन्स होतं त्याच्याकडे, रीतसर.

वर्ष उलटून गेलं असेल. एका संध्याकाळी त्या मित्राची आई आमच्या दारात उभी राहिली. उमेळ्यात त्यांची वाडी आहे, आता थोडीशीच उरलीय, बाकी जागेवर इमारती झाल्या. हातात केळ्यांचा फणा. यजमान टीव्ही बघत होते, ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्या बाईंनी ते पाहिलं. सोफ्यावर न बसता त्या दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या.

"बाय, आमी देवळात तुमच्या पोराच्या नावानं मिस्सा ठेवला व्हता," त्या म्हणाल्या. "सांगायला यायचं व्हतं, पन पाय उचलला नाय."

"बरं केलंत," मी म्हणाले. देऊळ म्हणजे त्यांचं चर्च, मिस्सा म्हणजे तिथली प्रार्थना. वसईत हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी पाणी दिलं. त्या प्याल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्या बापाला झटका आला. येक बाजू गेलीय. व्यायामाला दवाखान्यात न्यावं लागते. रिक्षावाले आत गल्लीत येत नायत. जुनी गाडी घेतलेली, ती दारात उभी हाय. पन चालवनारा कोन?"

"तुमचा मुलगा?"

"तो सायकलला पन हात लावत नाय." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी त्याला बोलले, दुसऱ्या कोनाकडं शिक. तो बोलला, शिकलो तर काकूंकडं, नायतर नाय. मी म्हटलं, येड लागलंय तुला, कुठल्या तोंडानं जानार? म्हनून मीच आले. तुमी नाय म्हना. नाय म्हटलं तरी आमी वाईट वाटून घेनार नाय."

मी म्हणाले, "सोमवारपासून पाठवा. सकाळी."

त्या रडायला लागल्या. मी फणा उचलून आत ठेवला. माझा मोठेपणा होता असं कोणी समजू नये. नाही म्हणायलाही आतून काहीतरी वाटावं लागतं. मला काही वाटलं नाही, म्हणून हो म्हणाले.

त्या गेल्यावर यजमान बाहेर आले. "शिकवणार तू त्याला?"

"हो."

"चालवायला?"

"मला दुसरं काय शिकवता येतं?"

ते जेवले नाहीत त्या दिवशी. मी जेवले.

सोमवारी तो आला. पाय किंचित ओढत होता. हनुवटीवरच्या टाक्यांच्या जागी दाढी उगवत नव्हती. "नमस्कार काकू," म्हणाला आणि खाली बघत उभा राहिला. मी म्हटलं, "बस. सीट पुढे घे. क्लच पूर्ण दाबला गेला पाहिजे इतकी पुढे."

आमच्या गाडीत माझ्या पायांशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर मला गाडी थांबवता यावी म्हणून. माझा उजवा पाय कायम त्या ब्रेकवर ठेवलेला असतो, न दाबता. त्याच्यासोबत मला तो कधी दाबावाच लागला नाही. तो इतका हळू चालवायचा की चालत जाणारी माणसं आमच्या पुढे निघून जायची. मागून रिक्षावाले शिव्या घालायचे. समोर काहीही दिसलं, वळण, मांजर, उसाच्या रसाची गाडी, की तो थांबायचा. स्टिअरिंग इतकं घट्ट धरायचा की बोटांची पेरं पांढरी पडायची.

"सैल धर," मी सांगायचे. "गाडी पळून जात नाही."

"हो काकू."

"तिसरा टाक."

"दुसऱ्या गिअरवरच ठीक आहे ना?"

"तिसरा टाक."

आम्ही उमेळ्याच्या रस्त्याने जायचो, माणिकपूरच्या गर्दीतून यायचो. मुलाबद्दल काही बोलणं होत नव्हतं. तो माझ्या शेजारी बसलेला असायचा, आणि मी कधी कधी विचार करून बघायचे की हा तो आहे, याच्या मागे बसून माझा मुलगा गेला. विचार यायचा आणि पाटीवरून ओल्या फडक्याने पुसावं तसा जायचा. एकदा त्यानेच विचारलं, "काकू, तुम्ही माझ्यावर ओरडत का नाही?"

"चुकलास तर ओरडेन. उजवा आरसा बघ."

त्याने बघितला.

असेच बरेच दिवस गेले. हाताला गाडी बसली होती, तिसऱ्यावरून चौथ्यापर्यंत आला होता. मग एका सकाळी उमेळ्याहून परतताना काँक्रीटसाठी रस्ता खणलेला दिसला. एका बाजूने वाट ठेवली होती आणि त्या वाटेवर बारीक खडी पसरलेली. त्याने लांबूनच ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि बंद पडली. मागे टेम्पो होता, त्याच्या मागे रिक्षा. हॉर्न सुरू झाले.

"क्लच दाब, चालू कर," मी म्हटलं.

तो समोर खडीकडे बघत होता.

"चालू कर."

"काकू, तो झोपला होता," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. "कोण?"

"मागे. धबधब्यात खूप वेळ डुंबलो होतो, दमला होता. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. मी त्याला म्हटलं, झोपू नकोस, पडशील. तो हो म्हणाला आणि पुन्हा झोपला. म्हणून मी हळू चालवत होतो. खरंच हळू होतो, काकू. सगळे म्हणतात मी पळवत होतो. मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोण विश्वास ठेवणार? आणि हळू होतो म्हटलं, तर मग पडलोच का, असं विचारतील."

टेम्पोवाला खाली उतरून खिडकीशी आला. मी काच खाली करून म्हटलं, "लर्नर आहे, भाऊ. दोन मिनिटं." पाटी बघून तो काहीतरी पुटपुटत मागे गेला.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"वळणावर एक कंटेनर अंगावर आला. मी कडेला घेतली. तिकडे खडी होती. अशीच. मी घाबरलो आणि हे दाबलं." त्याने उजव्या हाताची बोटं मिटून दाखवली.

"पुढचा ब्रेक?"

"हो."

"एकटा पुढचाच? मागचा नाही?"

"पुढचाच. पूर्ण दाबला. पुढचं चाक सरकलं आणि गाडी खालून निघूनच गेली."

चाक वळलेलं असताना खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक अडकतं आणि घसरतं. त्याला वेग लागत नाही. ब्रेक हळूहळू, मागचा-पुढचा मिळून दाबायचा असतो, आणि जमलं तर खडी येण्याच्या आधीच वेग उतरवायचा असतो. हे सांगायला एक वाक्य पुरतं, अंगात मुरायला थोडा सराव लागतो.

"खडीवर पुढचा दाबायचा नाही, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "कोण सांगणार, काकू?"

हॉर्न पुन्हा सुरू झाले. मी म्हटलं, "आता क्लच दाब. गाडी चालू कर. पहिला टाक. हळूच सोड." त्याने केलं. गाडी खडीवर चढली, चाकांखाली करकर आवाज झाला आणि आम्ही पलीकडे गेलो. स्कूलपाशी उतरले तेव्हा लक्षात आलं, माझ्या उजव्या पायाच्या पोटरीत गोळा आला होता.

यजमानांना मी ते जेवताना सांगितलं. त्या मित्राचा विषय निघाला की ते ताटावरून उठायचे, म्हणून सुरुवातीलाच म्हटलं, "तो पळवत नव्हता. हळू होता. आपला झोपला होता म्हणून."

त्यांचा हात थांबला. "झोपला होता?"

"त्याच्या खांद्यावर."

मला वाटलं ते वेगाचं विचारतील. ब्रेकचं, कंटेनरचं. ते बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्याला कळलं नसेल."

"नसेल."

"झोपेतच." ते उठले, हात धुतले, बाल्कनीत गेले. मी ताटं उचलली. आतून काहीतरी येईल म्हणून मी ओट्याशी थोडा वेळ उभी राहिले. आलं नाही. नळ चालू केला.

दुसऱ्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना. तिला दुःख म्हणता येणार नाही, ती एखाद्या शिकाऊच्या चुकीसारखी होती. आमच्याकडे लोक कार शिकायला महिनाभर येतात. दोन चाकांवरच्या पोराला मात्र कोणी काही सांगत नाही, फक्त "हळू जा" म्हणतात. हळू तर तो होताच.

मी मालकांना म्हटलं, "आपण बाइक-स्कूटरची एक बॅच काढू. रविवारी सकाळी. ब्रेक शिकवायचा. ओल्या रस्त्यावर, खडीवर, मागे माणूस बसलेला असताना."

ते हसले नाहीत, पण चष्मा पुसायला लागले. "ताई, बाइक शिकायला कोण क्लासला येणार?"

"कोणी नाही आलं तर बंद करू."

त्यांच्या ओळखीने चंदनसारला एक रिकामा प्लॉट मिळाला. तिथे इमारत व्हायची होती, काम अडकलं होतं. एका कोपऱ्यात बिल्डरची जुनी खडी पडलेली होतीच. आधी मलाच शिकायला हवं होतं. स्कूटर मी रोज बाजारापुरती चालवायचे, पण खडीवर मुद्दाम कधी ब्रेक मारला नव्हता. मालकांच्या भाच्याला बाइक चांगली येत होती, त्याला सोबत घेतलं. पहिल्याच सकाळी मी पडले. गुडघा सोलला, पंजाबी ड्रेस फाटला. पडल्याने माणसाच्या आत अडकलेलं काहीतरी सुटतं, असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. गुडघा दुखला, त्यावर हळद लावली. पण बोटांना एक गोष्ट कळली, की ब्रेक लिंबासारखा पिळायचा, झाकणासारखा दाबायचा नाही. पुढे मुलांना मी हेच सांगायला लागले.

सुरुवातीला दोनच मुली आल्या, त्यासुद्धा आमच्या कारच्या बॅचच्या. मग एका कॉलेजच्या प्राचार्यांनी बोलायला बोलावलं. मी स्टेजवर उभी राहिले. मुलाचं काही सांगणार नाही असं ठरवून गेले होते. पाठीमागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, बाइक तर सगळ्यांनाच येते, क्लास कशाला?"

"खडीवर पुढचा ब्रेक दाबला तर काय होतं?" मी विचारलं.

"थांबते," तो म्हणाला. बाकीचे हसले.

"पिलियनने, म्हणजे मागे बसणाऱ्याने, हेल्मेट घालायचं का?"

"पोलीस असला तर," दुसरा म्हणाला. पुन्हा हसू.

मग मी सांगितलं. दोन-तीन वाक्यांतच. माझ्या मुलाने घातलं नव्हतं, चालवणाऱ्याने घातलं होतं, चालवणारा आहे आणि मुलगा नाही. बातम्या वाचतात तशा आवाजात. एक शिक्षिका डोळे पुसत होत्या. मला त्यांच्याकडे बघून थोडं ओशाळल्यासारखं झालं, कारण माझे डोळे कोरडे होते. पुढच्या रविवारी प्लॉटवर बरीच मुलं आली.

त्या मित्राने कारची परीक्षा पहिल्याच वेळी पास केली. वडिलांना तो व्यायामाला घेऊन जाऊ लागला. एकदा मी त्यांना माणिकपूरला सिग्नलला पाहिलं. तो पुढे बघत होता, वडील शेजारी एका बाजूला कललेले, आणि त्यांचा पट्टा नीट लावलेला. त्याने मला पाहिलं नाही. त्याच्यावरच्या अपघाताच्या केसच्या तारखा अजून पडतात. त्याच्या वकिलाला मी गाडीत जे ऐकलं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

प्लॉटवर तो येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी बोलावलंही नव्हतं. पण एका रविवारी वडिलांना व्यायामाहून घरी सोडून तो तिथे आला. त्या दिवशी माझे यजमानही तिथे होते. दर फेरीनंतर खडी विस्कटते, ती पुन्हा पसरावी लागते. आधी मी आणि भाचा ते करायचो. मग एका सकाळी हे पायात जुने बूट घालून म्हणाले, "चल, मी येतो. घरी बसून काय करू?" आणि तेव्हापासून फावडं त्यांच्याकडे गेलं. मुलांशी बोलायचे नाहीत. फेरी झाली की खडी सपाट करायची आणि बाजूला उभं राहायचं.

तो फाटकाशी थांबला. यजमानांनी त्याला पाहिलं. मी एका मुलाला हेल्मेटचा पट्टा कसा आवळायचा ते दाखवत होते, माझे हात तिथेच राहिले. वाटलं, हे आता फावडं टाकून निघून जातील. ते गेले नाहीत. फाटकाकडे चालत गेले. मी मागोमाग गेले.

"आत ये," हे त्याला म्हणाले.

तो आत आला.

"झोपला होता म्हणे."

"हो काका."

हे फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. "घोरत होता का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "थोडा," तो म्हणाला. "मानेला गुदगुल्या होत होत्या."

यजमानांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, मला सांगता येणार नाही. त्यांनी तोंड फिरवलं आणि खडीकडे निघाले. थोड्या वेळाने भिंतीला टेकवलेलं दुसरं फावडं त्यांनी त्याच्याकडे सरकवलं. दोघे बाजूबाजूने खडी ओढत राहिले. तो आजही बाइकवर बसत नाही. पण रविवारी येतो.

मला लोक विचारतात, आता बरं वाटतं का? मुलं शिकतायत, काहीतरी चांगलं होतंय, समाधान मिळत असेल. मी हो म्हणते, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचं असतं. खरं म्हणाल तर मला अजून बऱ्याचदा काही वाटत नाही. सकाळी उठते, डबा करते, किल्ली घेते. अधूनमधून अगदी भलत्याच वेळी, म्हणजे बाजारात कोथिंबीर निवडताना वगैरे, छातीत काहीतरी गच्च दाटतं आणि जुडी हातात धरून मी उभी राहते. भाजीवाली म्हणते, "ताई, ताजीच आहे." मग ते जातं.

मागच्या रविवारी एका मुलीची आई तावातावाने प्लॉटवर आली. मुलीचा कोपर खरचटला होता. "आम्ही इथे पोरीला पडायला पाठवतो का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "इथे पडू दे."

त्यांना ते आवडलं नाही. मुलगी मात्र पुन्हा स्कूटरवर बसली होती, हेल्मेटची काच खाली करून, माझ्या खुणेची वाट बघत. मी हात वर केला.